आलेखातला उंचवटा

(दुपार. प्रयोगशाळेची जुनी कंट्रोल रूम. निम्म्या पडद्यांवर प्लास्टिक चढवलेलं.)

वहिनी : ...तेवढं एकच वाक्य घाल, चिमणे. तेवढ्यानं तुमचं पुस्तक काही जड होणार नाही.

चिमणी : वहिनी, आधी बसा तरी. सर, त्यांना ती खुर्ची द्या. तिची पाठ शाबूत आहे.

सर : कुठलं वाक्य?

वहिनी : ह्यांनी तो कण सगळ्यांच्या आधी पाहिला. समुद्रापलीकडच्या लॅबनं जगाला सांगितलं त्याच्याही आधी. इथे, याच खोलीत.

सर : चिमणे, लॅबचा इतिहास वाचून दाखवते म्हणून बोलावलंस ना मला? वहिनी येणार आहेत हे नाही सांगितलंस.

चिमणी : सांगितलं असतं तर आला असता?

सर : नसतो आलो.

चिमणी : म्हणूनच. सर, मी दमलेय हो. दिवसभर खाली बोगद्यात बंद मशीनची चुंबकं सोडवायची, वर आलं की प्रमुख म्हणून सह्या करायच्या, आणि उरल्या वेळात इतिहास लिहायचा. त्यात तुम्हा दोघांचे निरोप पोचवायला अंगात त्राण नाही. समोरासमोर बोला आणि मला मोकळं करा.

सर : कुठवर आलंय लिहून?

चिमणी : बंद पडलेल्या काचकारखान्याची शेड, त्यात तुम्ही आणि भाऊ. जेवणाच्या टेबलाएवढं पहिलं मशीन. मग डोंगराखालचा बोगदा, त्यातलं चुंबकांचं कडं. बोगद्यात पाणी शिरलं तेव्हा सगळी लॅब बादल्या घेऊन रांगेत उभी राहिली, ते.

वहिनी : त्या रांगेत मीही होते. पोटुशी. हे माझ्यावर ओरडत होते, घरी जा म्हणून, आणि भरलेली बादली मात्र माझ्याच हातात देत होते.

सर : आमचा पैलवान भाऊ तसाच होता. अंगावर मूठभर मांस नाही, आणि आवाज असा की बोगदा दणाणायचा.

चिमणी : तेही लिहिलंय. पुढे कणांच्या टकरी सुरू झाल्या इथपर्यंत आले, आणि तिथे हात अडलाय.

वहिनी : अडायला काय झालं? तू होतीस की तिथे.

चिमणी : होते. नवखी होते. चुंबकांच्या फटीत शिरून तपासणी करायला मीच तेवढी मावायचे, म्हणून तर हे नाव पडलं. भाऊंनी आलेख आणून त्या भिंतीला चिकटवला. उतरत जाणारी सरळ रेघ, आणि मध्येच एक उंचवटा. म्हणाले, बघा, इथे काहीतरी जन्माला येतंय. सांगून टाकू जगाला.

सर : आणि मी म्हणालो, थांब.

वहिनी : थांब! तुमच्या त्या एका शब्दानं आमचं घर पोखरलं, सर. हे जेवताना ताटात बोटानं तोच उंचवटा काढत बसायचे. वरण निवून जायचं.

सर : वहिनी, टकरी पुरेशा झाल्या नव्हत्या. थोड्या आकड्यांत असे उंचवटे उगाचच दिसतात. आधी एक दिसला होता, दुसऱ्या जागी. तोही पैलवानानंच भिंतीला लावला होता. आकडे वाढले तसा विरघळून गेला.

वहिनी : हा नाही विरघळला.

सर : नाही.

वहिनी : त्या लोकांना कण सापडला तो नेमका ह्यांच्या जागी.

सर : नेमका तिथेच. आम्ही अजून टकरी जमवत होतो, तेवढ्यात कणांच्या निर्वात नळीत हवा शिरली. मशीन थंड, सगळे रेंच घेऊन खाली, आणि वर रेडिओवर बातमी. पैलवान माझ्या खोलीत आला, किल्ल्या टेबलावर ठेवल्या, आणि निघून गेला. त्या दिवशी मात्र ओरडला नाही. ओरडायला हवं होतं त्यानं.

चिमणी : मग भाऊ कॉलेजात शिकवायला लागले.

वहिनी : छान शिकवायचे. मुलं जीव टाकायची. पण घर बदलायला तयार नव्हते. लॅबच्या फाटकासमोर राहायचं, रोज तुमची चिमणी... तू नव्हे गं, काचकारखान्याचं धुराडं... ते बघायचं, आणि इकडे पाऊल टाकायचं नाही. म्हणायचे, मशीनची घरघर नसली तर मला झोप लागत नाही. परवा तुम्ही ते बंद केलंत. घरात पहिल्यांदा मला फ्रिजचा आवाज ऐकू आला. बरं झालं, हे त्याआधीच गेले.

सर : वहिनी, मी तुम्हाला परत समजावत नाही. उंचवटा दिसणं आणि कण सापडणं यात...

वहिनी : तोंडपाठ आहे मला. ह्यांनीच शिकवलंय. शेवटी शेवटी तर तुमची बाजू हे मांडायचे आणि ह्यांची मी!

सर : माझी बाजू? पैलवान?

वहिनी : म्हणायचे, त्याच्या जागी असतो तर मीही थांबवलंच असतं. आणि कूस बदलून म्हणायचे, पण मी त्याच्या जागी नव्हतो ना.

चिमणी : सर, पाणी देऊ?

सर : नको. लिही तू. काय लिहिणार आहेस?

चिमणी : सुचलंय ते सांगते. भाऊंनी उंचवटा दाखवला. तो जाहीर करावा असं त्यांचं म्हणणं होतं. सरांनी थांबवलं. पुढे कण त्याच जागी सापडला, दुसऱ्यांना.

वहिनी : ‘पाहिला’ नाही लिहिणार?

चिमणी : वहिनी, तसं लिहिलं तर भाऊच खोडतील असं वाटतं मला. ‘दाखवला’ लिहिते.

वहिनी : दाखवला... बरं.

सर : आणि खाली हेही घाल, की आज कुणी तोच आलेख आणला तर मी पुन्हा थांब म्हणेन.

चिमणी : सर, हे आत्ता कशाला?

वहिनी : घालू दे त्यांना. मला पटत नाही, पण खरं तर आहे. इतकी वर्षं भांडण घोळवत आले होते मी, येताना रस्त्यातसुद्धा. आता बसले तर उठवत नाहीये.

चिमणी : बसा निवांत. मी खाली जाते, क्रेनवाला खोळंबलाय.

सर : वहिनी... पैलवान वारला त्या दिवशी मी तुमच्या घरापर्यंत आलो होतो.

वहिनी : खिडकीतून दिसलात. कोपऱ्यावर उभे होतात, टोपी हातात धरून.

सर : आता येऊ का? एखाद्या संध्याकाळी?

वहिनी : या. फक्त आधी फोन करू नका. विचारलंत, तर मी नको म्हणेन.