आवक नाही, जावक नाही

...आणि मग हात हलवायचा! नाही, तुम्हीच सांगा, छप्पन्न वर्षांच्या बाईनं दर तीन मिनिटांनी छताकडे बघून हात हलवायचा, का तर दिव्याला कळावं म्हणून, की बाबा रे, मी आहे, अजून आहे, कुठे गेले नाही! छताला एक पांढरी डबी बसवलीय, एकच डोळा असलेली, तिला म्हणे हालचाल कळते. हालचाल दिसली की दिवा लावते. तीन मिनिटं काही हललं नाही की ती आपली आपण ठरवते, खोलीत कोणी नाही! आणि टप्. अंधार. अहो, पण मी कारकून आहे! कारकुनाचं काम बसण्याचं. एकतीस वर्षं एका जागी हलले नाही म्हणून तर सगळे मला कामाची म्हणायचे, आणि आता त्याच गुणापायी मी अंधारात!

तुम्हाला सांगते, मी विद्यापीठात आवक-जावक विभागात आहे. म्हणजे काय, बाहेरून जो अर्ज, जे पत्र, जे टपाल येतं, त्यावर शिक्का मारून नंबर घालायचा, ती आवक. बाहेर जातं त्यावर मारायचा, ती जावक. विभाग म्हणजे कोण, तर मी. मीच आवक, मीच जावक. खोली जिन्याखालची, अकरा नंबरची, उजेड यायला एकच खिडकी, तीही बोळात उघडणारी. पण त्या खिडकीवर राबता काय होता हो! सकाळी शटर वर केलं की संध्याकाळपर्यंत माणूस हटायचं नाही. एक संशोधन करणारी मुलगी दरवर्षी मुदतवाढीचा अर्ज घेऊन यायची... पहिल्या वर्षी एकटी, तिसऱ्या वर्षी नवऱ्याला घेऊन, सहाव्या वर्षी कडेवर बाळ. मी म्हटलं, अगं, प्रबंध तेवढा सोडून बाकी सगळं वेळेत पूर्ण केलंस की! अशी हसली, अशी हसली, की ते बाळ दचकून रडायला लागलं. शिक्का मारायला किती वेळ लागतो? दोन सेकंद. पण माणूस खिडकीशी टेकायचा तो दहा मिनिटं.

आणि मग आलं ते हरित विद्यापीठ.

कुलगुरूंनी भाषण केलं. असे दोन्ही हात पसरून... "मित्रहो, कागद म्हणजे झाड! फाईल म्हणजे जंगल! यापुढे आपलं विद्यापीठ शाश्वत होणार!" आता शाश्वत म्हणजे आत्मा, एवढंच मला लहानपणापासून ठाऊक. मला वाटलं, आपल्या सगळ्यांना मोक्षच देतायत की काय! तर तसं नव्हतं. अर्ज संगणकावर, फाईल संगणकावर, सही संगणकावर, आणि वाचवलेल्या विजेचा हिशेब त्या डबीवर. कागद बंद करा असं सांगणारं परिपत्रक आलं ते कसं, तर कागदावर! चारशे प्रती! मीच शिक्के मारले, मीच नंबर घातले, मीच पाठवले. माझ्या हातून गेलेली ती शेवटची जावक.

दुसऱ्या दिवशी शटर वर केलं आणि बसले. दहा वाजले. अकरा वाजले. कोणी नाही. शिक्क्याची गादी सुकू नये म्हणून तिच्यावर दोन थेंब शाई टाकली. बारा वाजता बोळात पावलं वाजली, मी सावरून बसले, तर तो पाण्याची मोटर बघायला आलेला माणूस. नुसता डोकावला आणि म्हणाला, "चुकलो वाटतं." आणि गेला. मी गप्प बसून राहिले. तीन मिनिटं झाली. टप्. खोलीत कोणी नाही!

आता ती नवी सिस्टीम शिकवायला त्यांनी शिबिर ठेवलं. प्राध्यापक मंडळी आली, चहा घेतला, बिस्किटं घेतली, सही केली आणि गेली. शिकवणारा एकटाच पडद्यासमोर उभा. मग त्या लोकांनी त्याचे चौदा व्हिडिओ करून सगळ्यांना पाठवले. बघितले कोणी? अख्ख्या विद्यापीठात एका बाईनं! कारण काय... सांगू का, हसू नका... तो व्हिडिओतला माणूस सुरुवातीला असा समोर बघायचा आणि म्हणायचा, "नमस्कार! कसे आहात?" आणि थांबायचा हो! खरंच थांबायचा. दिवसभरात मला तेवढंच कोणी विचारत होतं. मी म्हटलं, गुडघा दुखतोय हो जरा. तर तो म्हणतो, "छान!"

चौदाही भाग पाहिले. मग दुसऱ्यांदा पाहिले. तिसऱ्यांदा पाहताना लक्षात आलं, नवव्या भागापासून त्याच्या शर्टाचं वरून दुसरं बटण तुटलंय. सांगणार कोणाला? "हे समजलं का?" असं तो विचारायचा, मी म्हणायची, हो. "मग पुढे जाऊ या?" चला. अशी मी एकटीच पुढे जात राहिले.

घरी तरी वेगळं काय आहे! आमचे हे गेले त्याला आठ वर्षं झाली. लेक दूरच्या शहरात. रविवारी न चुकता फोन करते, तसं नाही म्हणणार मी, गुणाची आहे. "बोल आई, मी ऐकतेय," आणि मागे मिक्सर सुरू. मिक्सर थांबला की म्हणते, "बरं, ठेवू?" घरातला दिवा मात्र मी लावला की लागलेलाच राहतो. तो बिचारा कधी म्हणत नाही, खोलीत कोणी नाही. पण खरं सांगू... कधीकधी वाटतं, दोघांत विद्यापीठाचाच दिवा जास्त खरं बोलतो.

असो. तर चार महिन्यांनी विजेचा अहवाल आला. तो केला होता हरितबाईंनी. हरितबाई म्हणजे हरित कक्षाच्या प्रमुख, माझ्या लेकीच्या वयाच्या, खांद्याला कापडी पिशवी, हातात पाण्याची बाटली, चालणं असं की आगगाडी सुटतेय. डब्यांनी मोजलं होतं, कुठल्या खोलीत किती वेळ माणूस असतो. आणि त्यात लिहिलेलं, खोली क्रमांक अकरा, वापर सहा टक्के. सबब ही खोली बंद करून तिथे सौर विजेच्या बॅटऱ्या ठेवाव्यात. सहा टक्के! म्हणजे मी हात हलवला तेवढीच मी! उरलेली चौऱ्याण्णव टक्के मी कुठे होते, याचा कोणाकडे पत्ता नाही. मी म्हटलं, तक्रार करावी. तक्रार कुठे करायची? सिस्टीमवर. उघडली. तर ती विचारते, आपण ही खोली कोणत्या तारखेला आरक्षित केली होती? अगं बाई, एकतीस वर्षांपूर्वी!

हरितबाई आणि वायरमन खोली बघायला आले, त्या दिवशी माझं मन फार उडालं होतं. सकाळीच ठरवलं, आज नाही हात हलवत जा. काय व्हायचंय ते होऊ दे. दिवा गेला. मी बसून राहिले. आणि बाहेरून आवाज येतोय... "मॅडम, खोली रिकामीच आहे, मी रोज बघतो ना, अंधार असतो." दार उघडलं, डबीला ते दोघं दिसले, भक्कन दिवा लागला, आणि समोर खुर्चीत मी! ताठ! मांडीवर हात ठेवून!

"आई गं!" वायरमन ओरडला. असा मागे उडाला की त्याच्या हातातली पक्कड हरितबाईंच्या पायावर.

"तुम्ही... तुम्ही इथं काय करताय?" हरितबाई एक पाय धरून विचारतायत.

मी म्हटलं, "नोकरी."

"पण अहवालात तर खोलीत कोणी नाही!"

"माझं म्हणणं वेगळं आहे," मी म्हटलं, "पण मला कोणी विचारलं नाही."

त्या खाली बसल्या, माझ्यासमोरच्या स्टुलावर. "काकू, तुम्ही रोज अशा अंधारात बसता?" मी म्हटलं, रोज नाही हो, रोज हात हलवते, आजच कंटाळा आला. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. वायरमनही जागचा हलेना. मीही तशीच. आणि काय सांगू तुम्हाला... टप्! तिघांसकट! खोलीत कोणी नाही!

अंधारात माणसं खरं बोलतात, बघा. हरितबाईंचा आवाज आला, आगगाडीचा नाही, अगदी बारीक. "काकू, खरं सांगू? ती सिस्टीम कोणी वापरतच नाही. चारशेपैकी अकरा जण. बाकीचे घरी कागद छापतात, सही करतात आणि त्याचा फोटो पाठवतात. मी रोज सगळ्यांना पत्र लिहिते, एकाचंही उत्तर येत नाही. बोळातून मी येताना दिसले की लोक फोन कानाला लावतात." मला इतकं वाईट वाटलं! म्हटलं, म्हणजे तुमचीही खोली रिकामीच की. मग म्हटलं, "मला येते हो सिस्टीम. चौदाच्या चौदा भाग पाठ आहेत. नवव्यात त्याचं बटण तुटलंय." त्या एकदम उभ्या राहिल्या, दिवा लागला, आणि बघते तर डोळे पुसतायत.

झालं! बॅटऱ्या गेल्या दुसरीकडे आणि अकरा नंबरवर पाटी लागली, मदत कक्ष. कुलगुरूंनी दटावलं, पुढच्या महिन्यापासून कागदावरची सही चालणार नाही. आणि लागली की हो रांग! थेट जिन्यापर्यंत! इतिहासाच्या मॅडम पासवर्ड विसरायला नको म्हणून वर्गातल्या फळ्यावर लिहून आलेल्या. तत्त्वज्ञानाचे सर तर एका चौकटीपाशी पाऊण तास अडलेले. म्हटलं, काय झालं? म्हणाले, "हे विचारतंय की मी यंत्र नाही ना. आता इतक्या ठामपणे कसं सांगणार?" मी म्हटलं, सर, खूण करा, मागे नऊ माणसं उभी आहेत, विचार घरी जाऊन करा! दोन महिने, तुम्हाला सांगते, दोन महिने त्या डबीची डोळा मिटायची हिंमत झाली नाही. घरी गेले की घसा बसलेला असायचा. लेकीनं विचारलं, "आई, सर्दी झालीय का?" म्हटलं, नाही गं, बोललेय!

पण मला मेलीला खोड काय, तर काम नीट करायचं. अर्धवट शिकवायला काय झालं होतं? एखादी पायरी मनातच ठेवायची! तर नाही. सगळ्यांना इतकं नीट शिकवलं, इतकं नीट शिकवलं, की सगळे शिकले. आणि यायचे थांबले. शेवटी तत्त्वज्ञानाच्या सरांनीसुद्धा खूण केली. कागद जवळजवळ संपला, हरितबाईंना दुसऱ्या विद्यापीठानं बोलावून नेलं. जाताना मला मिठी मारली आणि वायरमनला सांगून माझ्या डबीची वेळ तीन मिनिटांची पंधरा मिनिटं करून गेल्या. प्रगती आहे. मला प्रशस्तिपत्र आलं. संगणकावर. भिंतीवर लावायचं म्हटलं तर छापायला बंदी. आवक नाही, जावक नाही, पाटी मात्र मदत कक्षाची. पंधरा मिनिटं झाली की टप्. खोलीत कोणी नाही!

एक गणिताचे सर तेवढे राहिले. एकटेच. रोज साडेअकराला दारात. "बाई, गेला हो." मी म्हणायची, कोण? "पासवर्ड." आता ज्या माणसाला दोनाचं वर्गमूळ चाळीस घरांपर्यंत तोंडपाठ, त्याला आठ अक्षरं लक्षात राहू नयेत? बरं, नवा पासवर्ड द्यायला एक मिनिट लागतं, सर बसायचे अर्धा तास. हवापाण्याचं बोलायचे. डाव्या कानानं कमी ऐकू येतं, म्हणून खुर्ची वळवून बसायचे. एकदा म्हणाले, "आमच्याकडे आता एकाच माणसाचा स्वयंपाक असतो, त्यामुळे मीठ जास्त पडतं. माप चुकतं एकाचं." मी म्हटलं, माझंही चुकतं. मग दोघं जरा वेळ तसेच बसलो, पण पंधरा मिनिटं होऊ दिली नाहीत.

आणि गेल्या आठवड्यात मी सहज सिस्टीम उघडून बघते, कोण कधी येतं जातं त्याची त्यात नोंद असते. तर गणिताचे सर! रोज सकाळी सात वाजता, घरून, एका फटक्यात, एकदाही न चुकता आत! सगळ्या फाईली पूर्ण! उत्तरपत्रिका पूर्ण! अख्ख्या विद्यापीठात सिस्टीम सगळ्यात चांगली कोण वापरतं, तर हे! म्हणजे काय, आदल्या दिवशी मी दिलेला पासवर्ड माणसाला सकाळी सातला आठवतो आणि साडेअकराला नेमका विसरतो!

मी दिवसभर अस्वस्थ. दुसऱ्या दिवशी साडेअकराला सर दारात उभे. "बाई, गेला हो." मी त्यांच्याकडे बघितलं. म्हटलं, विचारावं का? तोंडापर्यंत आलेलं... आणि म्हटलं, "अरेरे! आजपण?" आणि दिला नवीन.

पुढच्या महिन्यात सर निवृत्त होतायत. म्हणजे खातं बंद, पासवर्ड बंद. तोवर मात्र मला रात्रंदिवस टोचणी, की हे आपण करतोय काय? शेवटी मदत कक्षाची नियमावली उघडली, अथपासून इतिपर्यंत वाचली. ज्याला पासवर्ड आठवतोय, त्याला रोज नवा पासवर्ड द्यायचा, हे कशातच बसत नाही. कुठल्याच नियमात बसत नाही हो...

पण सर बसतात. साडेअकरा ते बारा.