जपानी इंजिन आणि दादाचा दहावा

सांगतो भिया, हसलात तरी चालेल. दादाच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. काका म्हणाले, "त्याची काही इच्छा राहिली असेल, वचन द्या." आईने माझं लग्न लावून द्यायचं वचन दिलं. कावळा झाडावरून हलला नाही.

दादाने बाबांच्या जुन्या अँबेसिडरमध्ये जपानी इंजिन बसवलं, तेव्हापासून बाबा त्याच्याशी बोलत नव्हते. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "बाबा, इंजिनाचं बोला ना."

बाबांनी हात जोडले. "इंजिन नाही काढणार." कावळा ढिम्म.

"बरं," बाबा म्हणाले, "मी गाडी चोरून चालवली होती. मानपूरचा चढ चौथ्या गियरमध्ये चढली."

कावळा लगेच शिवला. मग उडूनही गेला, पण बाबा आभाळाकडे बघून सांगतच होते, "फक्त क्लच जरा कडक आहे रे."