पाहुण्याचं नाव

तळ्याकाठच्या किसुमू शहरातल्या दवाखान्यात बाळांना लस टोचायची रांग होती. माझ्या पुढच्या बाकावर एक आजी नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या शेजारी एक लेकुरवाळी.

"गोड आहे हो. नाव काय, आजी?"

"पाहुणा म्हणते मी."

"ते लाडाचं. खरं काय?"

"माझ्या धाकट्या लेकाचं ठेवलंय. गेल्यावर थोरल्या सुनेच्या स्वप्नात आला तो, माझं नाव बाळाला द्या म्हणाला. मग दुसरं ठेवतंय कोण?"

"कशानं गेला?"

"होडी उलटली. तळ्यानं परत दिलाच नाही. तेव्हापासून घरात मासा बंद."

"अगं बाई! किसुमूत राहून? मग मक्याच्या पिठाची उगाली कशाशी खाता?"

"पालेभाजीशी. म्हातारा शेजारी जाऊन चोरून मासा खातो. बाजारालाही मी टेकडीकडून जाते, तळं दिसायला नको."

"पाय मोडत असतील."

"मोडू देत. पण बरी आहे मी. रडत नाही, काही नाही."

"आणि बाळाला नावानं हाक?"

"सून मारते. मी उठून परसात जाते."

"बिचारा स्वप्नात येऊन सांगून गेला, आणि आईच हाक मारीना!"

"तू तुझं लेकरू सांभाळ."

आतून नर्सनं पुकारलं, "ओदेरो!"

आजी जागची हलली नाही.

"आजी, तुमचाच ना? उठा, नंबर जाईल."

"ऐकलंय मी."

"ओदेरो! आलाय की नाही? नसेल तर पुढचा घेते."

"आलाय," आजी एकदम उठली. "थांब बाई, पुढचा घेऊ नकोस. आलाय माझा ओदेरो."