निळी की लाल

चहा निवला तरी चालेल, आधी माझी तक्रार ऐका.

निवृत्तीनंतर मला शर्यतीच्या सायकलची हौस आली. काशीदच्या एका बंगलेवाल्याने आपल्या दोन जुन्या जपानी सायकली मुरूडच्या गणू सायकलवाल्याकडे विकायला ठेवल्या होत्या. एक निळी, एक लाल. दोन्ही एका हाताने उचलाव्यात इतक्या हलक्या, खाली वळलेल्या हँडलच्या. मला त्यातलं काहीच कळत नव्हतं, म्हणून गणूला आठवडाभर थांबायला सांगितलं आणि वाचन केलं. काल जाऊन म्हणालो, ‘निळी माझी.’

‘आणतो, भाऊसाहेब.’

गणूने निळी आणली. पुढे टोपली, मागे कॅरिअर, खाली लोखंडी स्टँड. हँडल सरळ.

‘हे काय केलंस?’

‘दुरुस्ती! ती वाकून चालवायची होती. या वयात तुमच्या कमरेचं काय झालं असतं? आणि कॅरिअर न्हाय तर वाडीतले नारळ कशावर आणणार?’

‘अरे, ती नारळांसाठी नव्हती! चाळीस वर्षं जशीच्या तशी टिकली होती!’

‘व्हय, स्टँडशिवाय. भिंतीला टेकवून टेकवून रंग गेलाय बघा.’

माझा तोल सुटला. ‘ठेव तुझी निळी तुलाच! मला लाल दे, आत्ताच्या आत्ता!’

‘देतो की. तिचं काम तर परवाच झालं. तुमचं ठरत नव्हतं, म्हटलं दोन्ही तयार असलेल्या बऱ्या.’

त्याने लाल बाहेर आणली. तिला तर घंटीही होती.