मधोमध कापलेली गोळी

काका : तसं नव्हे ताई, तक्रार नाही माझी. एवढंच म्हणतोय, या खेपेच्या गोळ्या जरा भुसभुशीत निघाल्या. कापताना चुरा होतो.

औषधवाली : कापताना?

काका : म्हणजे… हो. ब्लेडनं. अगदी मधोमध कापतो हं. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, नजर पक्की आहे माझी.

औषधवाली : नजर असेल पक्की, पण रक्तदाबाची ही गोळी कापायची नसते, काका. दिवसभर थोडी थोडी विरघळावी अशी बनवलेली असते ती. कापली की सगळं औषध एकदम अंगात उतरतं आणि संध्याकाळपर्यंत काही उरत नाही. सकाळी गरगरतं का?

काका : किंचित. दाढी करताना. मग बेसिन धरून उभा राहतो.

औषधवाली : आणि संध्याकाळी डोकं जड?

काका : ते मी चष्म्यावर ढकललं होतं.

औषधवाली : तरीच महिन्याच्या गोळ्या तुम्हाला दोन महिने पुरतायत. मला वाटलं, आमचं दुकान सोडलंत. अर्धी करायला डॉक्टरांनी सांगितलं?

काका : जरा हळू बोला, ताई. ती बाहेर बाकावर बसलीय.

औषधवाली : काकूंना माहीत नाही?

काका : तिला सांगितलंय, डॉक्टरांनीच डोस निम्मा केला म्हणून. एवढी खूश झाली! बहिणीला फोन करून सांगितलं, आमच्या ह्यांची तब्येत बघ कशी सुधारली. आता कुठल्या तोंडानं सांगू?

औषधवाली : पण केलंत कशाला हे?

काका : तिची हृदयाची नवी गोळी सुरू झाली, तेव्हापासून दोघांची औषधं पेन्शनमध्ये मावेनात. तिच्या गोळीला हात लावायचा नाही, हे ठरलेलं. मग उरलो मी.

औषधवाली : मला एका शब्दानं विचारायचं होतंत!

काका : मागे चार माणसं उभी असतात. त्यांच्यासमोर ‘स्वस्तातलं काही आहे का’ म्हणायचं… दोनदा तोंडाशी आलं होतं. दोन्ही वेळा खोकल्याच्या गोळ्या घेऊन घरी गेलो.

औषधवाली : खोकला होता?

काका : नाही ना.

औषधवाली : धन्य आहे तुमची! आज मागे कोणी नाही. ही तुमची नेहमीची पट्टी. आणि या दोन दुसऱ्या कंपन्यांच्या. वरचं मोठं नाव सोडा, खालचं बारीक वाचा. यातली तुम्हाला चालणारी कुठली, सांगा बघू.

काका : थांबा, चष्मा बदलतो. हं… औषधाचं नाव तेच. मिलिग्रॅम तेवढेच. पण हळू विरघळणारी असं हिच्यावर कुठे म्हटलेलं नाही.

औषधवाली : शाब्बास. ती साधी आहे, तुमची नव्हे. दुसरी?

काका : हिच्यावर आहे. सगळं जुळतंय. फक्त किंमत छापताना काहीतरी घोटाळा झालेला दिसतो.

औषधवाली : घोटाळा नाही. तेवढीच आहे.

काका : निम्म्याहून कमी? मग मालात खोट असणार.

औषधवाली : काका, तुमच्याकडे एकच पुस्तक कापडी बांधणीत आणि साध्या बांधणीत निघायचं ना?

काका : निघायचं की.

औषधवाली : साध्या बांधणीतला मजकूर वेगळा असायचा?

काका : छे! मुद्रितं एकदाच तपासायचो आम्ही. पुढे बांधणी कुठलीही… अच्छा. अच्छा, असं आहे होय.

औषधवाली : तसंच. पण आपल्या मनानं बदलायची नाही, डॉक्टरांना विचारूनच. आणि काकूंची ही पित्ताची गोळी. हिच्यापुढे काय लिहिलंय चिठ्ठीत?

काका : दहा… दहा दिवस.

औषधवाली : आणि नेताय किती दिवस?

काका : सहा महिने झाले असतील. अरेरे! जन्मभर लोकांच्या चुका काढल्या, आणि घरातली चिठ्ठी तेवढी वाचली नाही.

औषधवाली : तीही थांबवायची का, विचारू. लावते फोन. पण किती दिवस अर्धी घेतलीत ते तुम्हीच सांगायचं. त्याशिवाय पुढची गोळी कशी घ्यायची, ते डॉक्टर ठरवणार कसे?

काका : आजच बोलावलं तर? तिला कळेल. उद्या लावला तर नाही का चालणार?

औषधवाली : उद्या सकाळी बेसिन हाताला लागेल याची खात्री आहे?

(काकू आत येतात.)

काकू : अहो, किती वेळ! औषधं घेताय की वाचत बसलाय? फोन कुणाला लावतेस गं?

औषधवाली : काका सांगतील.

काका : अगं, तसं काही… म्हणजे आहे. डॉक्टरांनी माझा डोस निम्मा केला नव्हता. मी केला.

काकू : तुम्ही? कधीपासून?

काका : तेव्हापासूनच. अकरा आठवडे झाले.

काकू : माझ्या गोळीसाठी?

काका : तुझी बंद करण्यासारखी नव्हती.

काकू : आणि तुमची होती! मी देवापुढे हात जोडत होते, ह्यांना बरं वाटतंय म्हणून. बहिणीला सांगितलं. शेजारी सांगितलं. आणि रोज सकाळी ते ब्लेड पुसून मीच तुमच्या हातात देत होते.

काका : रडू नकोस. ताईंनी उपाय काढलाय. सगळं अक्षर न् अक्षर जुळवून बघितलंय मी.

काकू : गप्प बसा. ताई, लाव फोन. मी इथेच उभी आहे.

औषधवाली : लागलाय. घ्या, काका.

काका : हॅलो… डॉक्टर, मी बोलतोय. जरा वेळ आहे का? एक चूक राहून गेलीय… नाही, नाही, तुमची नव्हे. माझीच.