पंधरा नंबरवरच्या वड्या

बाभुळगावहून यवतमाळला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर साठीतलं एक जोडपं मोबाईल पाहत होतं. म्हाताऱ्यांसाठी नवीन वसाहत बांधणारे दर रविवारी कामाचा ड्रोन व्हिडिओ पाठवतात, हे तोवर अर्ध्या बसला कळलं होतं.

"हे पाय, शकू, हा चौदा नंबर आपला. स्लॅब झाला."

"अन् बाजूच्या पंधरा नंबरवर काय वाळून राह्यलं?"

"वड्या दिसतेत."

"अजून कोणी राहाले आलं नाही अन् वड्या? थांबवा. मोठं करा."

"केलं."

"अवो बाप्पा! वड्यांखालचं हिरवं पातळ माह्यं हाय! आपल्या नयनच्या लग्नात हरवलं थे, तवा कपड्याची पेटी कौसल्याजवळच होती!"

"हळू बोल."

"म्हणजे पंधरा नंबर कौसल्याचा? तीस वर्सं त्या जावेनं माह्यं डोस्कं खाल्लं. तिच्यापासून सुटासाठीच घर घेतलं ना आपण?"

"भाऊबी म्हणे, त्याईनंबी त्याच्यासाठीच घेतलं."

"कोणापासून सुटासाठी?"

"आता मी काय सांगू?"

"तुमाले माहीत होतं?"

"बुकिंग संगंच केलं. दोन घरं संग घेतली तं झोपाळा फुकट होता."

बाईंनी मोबाईल ओढून घेतला आणि फोन लावला.

"हॅलो, कौसल्या? वड्या पलटव. मधातल्या कच्च्याच हायेत."

"शकू, व्हिडिओ कालचा हाय."

"तिनं आजबी पलटवल्या नसतीन."