माझ्याच गाडीत लिफ्ट

तुम्ही गाडी खुशाल द्या कोणालाही, पण आधी माझं ऐका. भाचीच्या साखरपुड्यादिवशी सकाळी आमच्या वरसे गावातला शेजारी संजय चावी घेऊन गेला. "आईला अष्टमी गावात सोडतो नि अर्ध्या तासात आलोच, दादा." दोन तास झाले तरी पत्ता नाय, फोनही बंद. तिकडे पेणला सगळे मामासाठी खोळंबलेले. शेवटी मी रस्त्यावर जाऊन येईल त्या गाडीला हात दाखवायला लागलो.

थांबली ती माझीच गाडी! चालवणारा अनोळखी.

"पेणला ना? बसा. दरवाजा जरा हळू लावा, गाडी दुसऱ्याची हाय."

"कोणाची?"

"ते नाय माहीत. माझ्या मेव्हण्याच्या मित्रानं कोणाची तरी आणलीय. मालक देवमाणूस हाय म्हणे, कुणालाच नाय म्हणत नाय. पण क्लच बघा, पार गेलाय! अशा माणसाला गाडी घेऊच देऊ नये."

मी खरं सांगणार होतो. पण त्यानं चिडून मधेच उतरवलं असतं, तर साखरपुडा बुडाला असता.

पेणच्या रामवाडीला उतरवताना तो म्हणाला, "पाचला परत निघणार. यायचं तर इथंच उभे राहा, पण वेळेवर. गाडी मालकाला द्यायचीय, मी कुणासाठी थांबणार नाय."

साखरपुड्यातल्या घरच्यांच्या फोटोत सगळे आहेत, फक्त मामा नाय. मामा पावणेपाचलाच रामवाडीला जाऊन उभा राहिला होता.